बाण थांबवायचा कसा?

सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाही, असे आपण म्हणतो. शब्दाबद्दल ते खरे असेल; बाणाबद्दल मात्र नेहमीच खरे नाही. दगडी भिंतीवर बाण मारला तर तो मोडतो, बाजूला उडतो आणि कधी कधी मारणाऱ्याच्याच दिशेने उलटतो. म्हणून घराच्या परसात तिरंदाजीचा सराव करावयाचा असेल, तर नेम कसा धरावा याच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे : सुटलेला बाण थांबणार कोठे?

विद्यार्थी मित्रांनो, या लेखात आपण त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील पदार्थविज्ञानाच्या मदतीने शोधू. मग गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून लक्ष्य कसे तयार करावे आणि परसात जागा कशी आखावी, हे पाहू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. धनुष्य हे खेळणे नाही. येथे सांगितलेले बाण मारण्याचे काम क्रीडाशिक्षकांच्या किंवा जाणत्या मोठ्या माणसाच्या समोरच करावयाचे आहे.

उसाच्या शेतातून जगज्जेतेपदाकडे

तिरंदाजीला मोठे मैदान, भारी सामान आणि शहरातील सोयी लागतात, असा पुष्कळांचा समज असतो. आपल्याच राज्यातील एक उदाहरण पाहा. सातारा जिल्ह्यातील अदिती स्वामी हिने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी ती १७ वर्षांची होती. त्याच स्पर्धेत पुरुषांचे सुवर्णपदक नागपूरच्या ओजस देवतळे याने जिंकले. दोघांनीही साताऱ्याला प्रवीण सावंत यांच्या हाताखाली सराव केला होता, आणि तो सराव चालत असे उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर.

अंतिम सामन्यात अदितीने १५ बाणांत १५० पैकी १४९ गुण मिळविले. म्हणजे चौदा बाण दहाच्या वर्तुळात आणि एक नवाच्या. कंपाउंड प्रकारात लक्ष्य ५० मीटर अंतरावर असते. लक्ष्याचा कागद ८० से.मी. व्यासाचा आणि त्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ८ से.मी. व्यासाचे असते. आपल्या परसात अंतर फक्त १० मीटर, म्हणजे पाचवा हिस्सा आहे असे धरा. डोळ्याला तेवढेच दिसणारे वर्तुळ तेथे १.६ से.मी. व्यासाचे होईल. एक रुपयाच्या नाण्याहूनही लहान! कमी अंतरावरचा सराव म्हणजे सोपा सराव, असे समजण्याचे कारण नाही. वर्तुळ लहान केले की परसातही तेवढीच कसोटी लागते.

बाणात किती ऊर्जा असते?

शिकाऊ धनुष्यावर बहुधा '२० पौंड' असा आकडा लिहिलेला असतो. याचा अर्थ, दोरी पूर्ण ओढली असता बोटांवर २० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९ किलो वजनाइतका ताण येतो. न्यूटनमध्ये सांगायचे तर हे बल जवळजवळ ९० न्यूटन आहे.

पण हा ताण पहिल्यापासून ९० न्यूटन नसतो. दोरी ओढायला सुरुवात करतो तेव्हा तो शून्य असतो आणि ओढत जाऊ तसा वाढतो. म्हणून सरासरी बल साधारण ४५ न्यूटन धरू. दोरी ४५ से.मी. ओढली असे मानले, तर

कार्य = बल × विस्थापन = ४५ × ०.४५ = सुमारे २० जूल.

हे कार्य तुमच्या दंडाने केले आणि ते वाकलेल्या धनुष्यात स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठले. दोरी सोडली की धनुष्य स्थितिस्थापकतेमुळे सरळ होऊ पाहते आणि ही ऊर्जा बाणाला देते. सगळी मात्र देत नाही. धनुष्याच्या भुजा आणि दोरी यांनाही गती मिळते. थोडी ऊर्जा त्यांच्या थरथरण्यात आणि आवाजात जाते. वीस जुलांपैकी १४ जूल बाणाच्या वाट्याला आले असे समजू. बाणाचे वस्तुमान २५ ग्रॅम असेल, तर गतिज ऊर्जेच्या सूत्रावरून त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३३.५ मीटर येतो. म्हणजे ताशी १२० कि.मी.! महामार्गावरून भरधाव जाणाऱ्या मोटारीइतका वेग, आणि तोही शिकाऊ धनुष्याच्या बाणाला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. बाण न लावताच दोरी ओढून सोडली तर काय होईल? साठलेली ऊर्जा घेऊन जायला बाणच नाही. ती सारी धनुष्यावरच आदळते आणि धनुष्य तडकते किंवा दोरी तुटते. म्हणूनच, रिकामे धनुष्य कधीही सोडू नये, असा नियम प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी सांगतात.

थांबण्याचे अंतर

आता हे १४ जूल कोठेतरी खर्च व्हायला हवेत. बाण थांबवताना लक्ष्य बाणावर जे कार्य करते, तेही बल गुणिले अंतर इतकेच असते. त्यामुळे थांबायला अंतर जितके जास्त मिळेल, तितके बल कमी लागते.

मऊ लक्ष्यात बाण २० से.मी. शिरून थांबला असे धरा. सरासरी बल १४ ÷ ०.२ = ७० न्यूटन, म्हणजे सात किलो वजनाइतके. बाण ते सहज सोसतो. आता तोच बाण दगडी भिंतीवर २ मिलिमीटरमध्ये थांबला असे समजा. बल १४ ÷ ०.००२ = ७,००० न्यूटन. म्हणजे सुमारे ७०० किलो वजनाइतके बल बोटाएवढ्याही जाड नसलेल्या काडीवर! ती मोडली नाही तरच नवल.

क्रिकेटमध्ये वेगाने आलेला चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता. लक्ष्याचे कामही तेच आहे. चांगले लक्ष्य बाणाला अडवीत नाही, झेलते.

पण बाणाची ऊर्जा जाते कोठे? लक्ष्य मागे ढकलले जाऊन त्यात ती खर्च होत असेल, असे वाटेल. हिशेब करून पाहू. बाणाचा संवेग ०.०२५ × ३३.५ = सुमारे ०.८४ एकक. तो टांगलेल्या २० किलोच्या पोत्यात रुतला, तर पोते सेकंदाला जेमतेम ४ से.मी. वेगाने हलेल. त्या हलण्यातली ऊर्जा एका जुलाच्या पन्नासाव्या भागाइतकीही नाही. उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा बाण आत शिरताना होणाऱ्या घर्षणात आणि लक्ष्यातील वस्तू दाबल्या-फाटल्या जाण्यात खर्च होते. तिची शेवटी उष्णता होते. म्हणून लक्ष्याचा पदार्थ निवडताना दोन गुण पाहावे लागतात. बाणाला आत वाट देणे हा पहिला, आणि त्याच्या अंगाला चहूकडून घट्ट धरणे हा दुसरा.

घरचे लक्ष्य

उदाहरणासाठी आपण तिसगाव घेऊ. नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट ओलांडला की हे गाव लागते. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पाथर्डी हा त्याच जिल्ह्यातील कमी पावसाचा तालुका. अशा गावात लक्ष्यासाठी काय काय मिळेल?

ज्वारीचा कडबा डोळ्यांसमोर येईल, पण तो घेऊ नका. दुष्काळी भागात कडबा म्हणजे जनावरांचा वर्षाचा घास. त्याऐवजी पुढील तीन वस्तू पाहा.

१. पुठ्ठ्याचे थर. किराणा दुकानातील रिकामी खोकी फोडून पुठ्ठ्याच्या ६० से.मी. लांब आणि ३० से.मी. रुंद पट्ट्या कापा. त्या एकावर एक रचून दाबा. दाबलेली एक पट्टी ४ मि.मी. जाड धरली, तर ६० से.मी. उंचीसाठी १५० पट्ट्या लागतील. वर आणि खाली एकेक फळी ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी हा गठ्ठा करकचून आवळा. बाण मारावयाचा तो थरांच्या कडेवर, पुठ्ठ्याच्या सपाट अंगावर नव्हे. सपाट अंगावर मारलेला बाण प्रत्येक थराला भोक पाडतो आणि थोड्याच दिवसांत तेथे खिंडार पडते. कडेवर मारलेला बाण दोन थरांच्या मध्ये शिरतो, थर दोन्ही बाजूंनी त्याला आवळून धरतात आणि बाण काढल्यावर पुन्हा मिटतात. ट्यूब जितकी ताणलेली, तितके घर्षण जास्त.

२. चिंध्यांचे पोते. गोणपाटाच्या पोत्यात जुने कपडे ठासून भरा. भरण्यापूर्वी बटणे, हूक आणि साखळ्या काढून टाका. बाणाचे टोक त्यांवर आपटले तर बाण वाकडा जातो. पोत्याचे तोंड शिवा आणि ते आडव्या बांबूला टांगा. काही दिवसांनी चिंध्या खाली बसतात आणि वरचा भाग पोकळ होतो. तो पुन्हा भरला नाही, तर बाण आरपार जाईल. पोत्यात वाळू किंवा माती भरण्याचा मोह टाळा. वाळू बाणाला फारच थोडक्या अंतरात थांबवते. खड्यांवर आपटून बाणाचे टोक बोथट होते आणि फाटलेल्या पोत्यातून वाळू गळून जाते.

३. उसाचे पाचट. ऊसतोडीनंतर पाचट पुष्कळ मिळते. त्याचा मनगटाएवढा जाड पेंढा वळत जा, त्याचे चकलीसारखे गोल वेटोळे करा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला सुतळीने घट्ट शिवा. युरोपात गवताच्या दोराची अशीच गोल लक्ष्ये फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. पाचटाला वाळवी लागते आणि त्यात विंचू दडतात. म्हणून हे लक्ष्य जमिनीला टेकवू नका आणि हात घालण्यापूर्वी काठीने झटका. ते चटकन पेट घेते, तेव्हा चुलीपासून दूर ठेवा.

कोणतेही लक्ष्य केले तरी त्याची जाडी बाण जितका आत शिरतो त्याच्या निदान दीडपट असावी. आपल्या हिशेबातील बाण २० से.मी. शिरतो, म्हणून आपण पुठ्ठ्याची रुंदी ३० से.मी. घेतली. लक्ष्य तीन बांबूंच्या तिपाईवर असे बसवा, की त्याचा मध्य जमिनीपासून १३० से.मी. उंचीवर येईल. मैदानी स्पर्धांत हीच उंची असते. लक्ष्य किंचित मागे कलते ठेवा, म्हणजे ते पुढे कोसळणार नाही.

वरचा कागद सोपा आहे. वर्तमानपत्राचे चार-पाच थर खळीने चिकटवा. खिळा आणि दोरी यांच्या साहाय्याने समान अंतरावर वर्तुळे काढा. बाहेरून आत पांढरा, काळा, निळा, लाल आणि पिवळा असा रंगांचा क्रम असतो. प्रत्येक रंगाची दोन वलये, म्हणून एकूण दहा गुण.

बाण न मारता परीक्षा

तिन्हीपैकी कोणते लक्ष्य अधिक चांगले? हे धनुष्याला हात न लावताही शोधता येते. शाळेत पुढील प्रयोग करा.

बांधकामावरील ८ मि.मी. जाडीची एक मीटर लांब सळई घ्या. तिचे वस्तुमान सुमारे ३९५ ग्रॅम असते. एक टोक कानशीने बाणाच्या टोकासारखे घासा आणि दुसऱ्या टोकाला दोरी बांधा. तीन मीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप लक्ष्याच्या पदार्थावर उभा धरा, म्हणजे सळई वाकडी पडणार नाही. सळई पाइपमध्ये सोडून, दोरीने तिचे टोक पदार्थापासून १.५ मीटर वर ओढा आणि सोडून द्या. हातपाय पाइपच्या खालच्या टोकापासून दूर ठेवा.

सळईची ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्वीय त्वरण × उंची = ०.३९५ × ९.८ × १.५ = सुमारे ५.८ जूल.

सळई किती सेंटिमीटर रुतली ते मोजा. ५.८ ला त्या अंतराने भागले की थांबवणारे सरासरी बल मिळते. सळई १२ से.मी. रुतली, तर अंतर ०.१२ मीटर धरून बल सुमारे ४८ न्यूटन येईल. पुठ्ठा, चिंध्या आणि पाचट यांवर प्रत्येकी दहा वेळा हा प्रयोग करा आणि सरासरी काढा. मग पुठ्ठ्याची ट्यूब सैल करून, आवळून, पुठ्ठा ओला करून पुन्हा पाहा. बाण सळईपेक्षा कितीतरी जास्त वेगाने येतो. त्यामुळे तो नेमका किती शिरेल हे यावरून कळणार नाही. पण तीन पदार्थांतला क्रम लावायला हा प्रयोग उपयोगी पडेल, आणि कोणाला इजा होण्यापूर्वीच तुम्हाला वाईट लक्ष्य बाद करता येईल.

लक्ष्याच्या मागे काय आहे?

अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. परसात बाण मारणाऱ्याने मात्र पक्ष्याच्या मागचे सारे पाहिले पाहिजे. कारण नवशिक्याचा बाण चुकणारच.

कितीने चुकेल? हात बाजूला केवळ ५ अंश हलला, तर ५ मीटर अंतरावर बाण ४४ से.मी. बाजूला जातो, आणि १० मीटर अंतरावर ८७ से.मी. आपले लक्ष्य ६० से.मी. रुंद आहे, मध्यापासून कडेपर्यंत फक्त ३० से.मी. म्हणजे पाच अंशांची चूक दोन्ही वेळा बाणाला लक्ष्याबाहेर नेते. म्हणून सुरुवात ३ मीटरपासून करा. तेथे तीच चूक सुमारे २६ से.मी.ची होते आणि बाण लक्ष्यातच राहतो.

आता उंचीचा विचार करू. लक्ष्याच्या दोन मीटर मागे मातीचा अडीच मीटर उंच बांध घातला आहे आणि आपण १० मीटरवरून बाण मारतो आहोत, असे समजा. एवढा बांध पुरेसा वाटतो. पण आपल्या बाणाचा वेग धरून हिशेब केला, तर हात ८ अंशांनी वर गेला की बाण या बांधावरून निसटतो आणि सुमारे ४० मीटरवर जाऊन पडतो. धनुष्य ४५ अंशांत असताना दोरी चुकून सुटली, तर हवेचा अडथळा सोडून तो ११५ मीटर जाऊ शकतो. परसापलीकडे शेजाऱ्याचे अंगण असेल, तेथे कोणी धान्य वाळत घालीत असेल, तर? म्हणून धनुष्य आकाशाकडे करून दोरी कधीही ओढू नये, आणि केवळ बांधावर विसंबून राहू नये.

तिसगावातील एखाद्या घरामागे २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद मोकळी जागा आहे असे धरू. ती आखताना पुढील गोष्टी पाहा.

दिशा : मारणाऱ्याचे तोंड उत्तरेला असावे. सकाळी सूर्य उजवीकडे आणि संध्याकाळी डावीकडे राहतो. डोळ्यांवर ऊन येत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मैदानेही आपल्या गोलार्धात उत्तरेकडे तोंड करूनच आखतात.

मागची बाजू : तेथे दार, खिडकी, पायवाट, गोठा किंवा हौद नसावा. दगडी भिंत असेल, तर तिच्यापुढे मातीचा उतरता बांध घाला किंवा गोणपाटाचे जाड पडदे सैल टांगा. ताणून बांधलेला पडदा बाण आरपार सोडतो. सैल पडदा बाणाबरोबर मागे जातो आणि त्याला थांबायला अंतर देतो. झेल घेणाऱ्या हातांची तीच युक्ती.

बाजू : लहान मुले, कुत्री आणि शेळ्या पाटी वाचत नाहीत. दोन्ही बाजूंना दोरी बांधा आणि आत येण्याची वाट मारणाऱ्याच्या पाठीमागूनच ठेवा.

रेषा : जमिनीवर चुन्याची एक रेषा आखा. सर्वांनी याच रेषेवरून बाण मारावयाचे. कोणी पुढे, कोणी मागे असे उभे राहू नये.

शिट्टी : दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यावे, एक झाली की बाण मारावा, तीन झाल्या की थांबून बाण आणायला जावे. बाण काढताना एक हात लक्ष्यावर दाबून दुसऱ्याने सरळ ओढा आणि मागे कोणी उभे नाही ना, ते पाहा. लक्ष्यातून झटक्याने निघालेल्या बाणाची मागची खाच मागे उभ्या असलेल्याच्या डोळ्यात जाऊ शकते.

हे सारे पाहिल्यावर कदाचित असे दिसेल, की आपले परस या कामाला योग्य नाही. लक्ष्याच्या मागे शेजाऱ्याचे दार आहे आणि ते हलविता येत नाही. असे असेल तर परसात फक्त लक्ष्य तयार करा, सळईचा प्रयोग करा आणि बाण मारायला शाळेच्या मोकळ्या मैदानावर किंवा पीक निघालेल्या शेतात जा. साताऱ्याच्या मुलांनाही शेतच उपयोगी पडले.

तुम्हीच सोडवा

१. वर्गातील ताणकाटा शिकाऊ धनुष्याच्या दोरीला अडकवून दर ५ से.मी.ला बल मोजा. (दोरी हळूहळू परत सोडा!) आलेखाखालील चौकोन मोजून साठलेली ऊर्जा काढा. ती २० जुलांच्या आपल्या अंदाजाशी जुळते का?

२. बाणाला मिळणारी ऊर्जा दुप्पट झाली आणि लक्ष्य तेच राहिले, तर बाण किती आत शिरेल? ३० से.मी. जाडीचे लक्ष्य पुरेल का?

३. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्याचे लक्ष्य ७० मीटरवर असते आणि त्याचा कागद १२२ से.मी. व्यासाचा असतो. तुमच्या १० मीटरच्या जागेसाठी तेवढाच दिसणारा कागद किती व्यासाचा करावा लागेल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढल्याशिवाय मोठ्या माणसाचे जड धनुष्य आपल्या लक्ष्यावर वापरू नका.